लाइटसेबर म्हणजे काय? ती आतून कशी चालते, घरी बनवता येते का आणि घेताना काय पाहावे?

लाइटसेबर म्हणजे 'स्टार वॉर्स' चित्रपटांतली प्रकाशाची तलवार. हातात फक्त मूठ, बटण दाबले की त्यातून निळे, हिरवे किंवा लाल पाते बाहेर येते आणि हलवले की 'व्वूम' असा आवाज घुमतो. तशी हुबेहूब प्रतिकृती बनवणे, सजवणे आणि जमवणे हा आज जगभर पसरलेला छंद आहे. इन्स्टाग्राम रील्समुळे तो महाराष्ट्रातल्या छोट्या शहरांतल्या मुलांपर्यंतही पोहोचला आहे.

पण रीलमध्ये दिसते ते फक्त पाते. तलवारीचा दर्जा, किंमत आणि धोका हे तिन्ही मुठीच्या आत दडलेले असतात. म्हणून आधी तिच्या आत काय असते ते समजून घेऊ.

चित्रपटातली तलवार कशी तयार झाली?

पहिला 'स्टार वॉर्स' २५ मे १९७७ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्यातल्या नायकाच्या तलवारीची मूठ ही मुळात जुन्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशची दांडी होती. सेट सजवणारे रॉजर ख्रिश्चन यांना लंडनमधल्या कॅमेऱ्याच्या एका दुकानात ग्राफ्लेक्स कंपनीच्या फ्लॅशच्या दांड्या सापडल्या. त्यावर रबराच्या पट्ट्या आणि कॅल्क्युलेटरमधली प्लास्टिकची पट्टी लावून त्यांनी मूठ तयार केली.

चित्रीकरणात पात्याच्या जागी दांडा होता. प्रकाश परत फेकणारे कापड त्यावर गुंडाळले होते. रस्त्यावरचे फलक गाडीच्या दिव्यात चमकतात, तसाच हा प्रकार. पुढे फिल्मच्या एकेका चौकटीवर हाताने काम करून पात्याचा रंग आणि तेज उतरवले गेले.

आवाज बेन बर्ट यांनी तयार केला. जुन्या प्रोजेक्टरच्या मोटरची घरघर आणि टीव्हीच्या पिक्चर ट्यूबजवळ मायक्रोफोन नेल्यावर येणारा गुंजारव त्यांनी एकत्र केला. तो आवाज स्पीकरवर लावून त्यासमोर मायक्रोफोन हवेत फिरवला आणि तलवार फिरल्याचा आवाज मिळाला. रेल्वे जवळून जाताना शिट्टीचा सूर बदलतो, त्याच डॉप्लर परिणामाचा हा उपयोग आहे.

खरी लाइटसेबर बनू शकते का?

चित्रपटातल्यासारखी नाही. प्रकाशाचा किरण निघाला की अडथळा येईपर्यंत सरळ जात राहतो; तो तीन फुटांवर हवेत थांबत नाही. शिवाय दोन प्रकाशकिरण एकमेकांतून आरपार जातात, त्यामुळे तलवारीवर तलवार आपटणार नाही.

काही जणांनी प्रकाशाऐवजी ज्वाळा वापरून पाहिली आहे. कॅनडातल्या 'हॅकस्मिथ' या यूट्यूब चॅनेलने २०२० मध्ये गॅस आणि ऑक्सिजनच्या ज्वाळेचे लांब पाते करून दाखवले. त्यासाठी पाठीवर टाक्या बांधाव्या लागल्या. ते काम कुशल इंजिनियरांचे आहे. घरच्या गॅस सिलिंडरवर असला प्रयोग कधीही करू नका.

मग विकत मिळते ती काय असते?

थोडक्यात, ती पारदर्शक नळी लावलेली हुशार टॉर्च असते. १९७०च्या दशकाच्या शेवटी केनर या खेळणी कंपनीने टॉर्चला फुगवायचे प्लास्टिकचे पाते जोडून विकले, तेव्हा ती अक्षरशः टॉर्चच होती. २००० नंतरच्या दशकात मास्टर रेप्लिकाज कंपनीने धातूची मूठ, प्रकाशाचे पाते आणि आवाज असलेल्या प्रतिकृती आणल्या आणि मोठ्या माणसांचा छंद वाढला. आज बाजारात दोन मुख्य प्रकार आहेत.

पहिला प्रकार 'बेसलिट' म्हणजे बुडाशी दिवा असलेला. मुठीच्या तोंडाशी एक ताकदवान एलईडी असतो आणि पाते म्हणजे निव्वळ पोकळ नळी. नळीत तारा नसल्याने पाते मार खाऊ शकते. लढाईचा सराव करणारे हाच प्रकार घेतात. उणीव एवढीच की पाते बुडाशी जास्त आणि टोकाला कमी उजळते.

दुसरा प्रकार 'पिक्सेल'. यात नळीच्या आत एलईडीची पट्टी असते आणि प्रत्येक दिव्याला वेगळा आदेश देता येतो. गणपतीच्या मंडपात किंवा लग्नाच्या स्टेजवर धावणारी पिक्सेल लायटिंग तुम्ही पाहिली असेल. हे त्याच जातीचे दिवे. त्यामुळे पाते खालून वर चढताना दिसते, आदळले की तिथे ठिणगी उडाल्यासारखे चमकते आणि रंग बदलतात. दिसायला हाच प्रकार सरस, पण जोराच्या माराने आतली पट्टी तुटू शकते.

मुठीच्या आत चार गोष्टी असतात: बॅटरी, आदेश देणारा बोर्ड, हालचाल ओळखणारा सेन्सर आणि छोटा स्पीकर. तुम्ही तलवार फिरवली की मोबाइलची स्क्रीन आडवी करणाऱ्या सेन्सरसारखाच सेन्सर वेग मोजतो आणि बोर्ड मेमरी कार्डातला योग्य आवाज वाजवतो.

जालन्यासारख्या शहरात घरी बनवता येते का?

येते. यातला एकही भाग दुर्मिळ नाही.

मूठ: पहिल्या प्रयत्नासाठी नळाचा पीव्हीसी पाइप पुरतो. धातूची मूठ हवी असेल तर साधारण दीड इंच बाहेरील व्यासाचा अ‍ॅल्युमिनियमचा पाइप घ्या. जालना हे सळईच्या रोलिंग मिलचे शहर. मिलच्या आणि शेती अवजारांच्या कामांमुळे इथे लेथचे काम करणारा शोधायला लांब जावे लागत नाही. त्याला कागदावर मापे लिहून द्या: पाते बसण्यासाठी तोंडाशी बोअर, बुडाच्या झाकणाला आटे आणि पकडीसाठी नर्लिंग किंवा खाचा. बहुतेक पात्यांचा बाहेरील व्यास एक इंच म्हणजे २५.४ मिमी असतो. बोअर त्यापेक्षा किंचित मोठा ठेवा आणि पाते धरून ठेवायला बाजूने छोटा स्क्रू द्या.

पाते: पॉलिकार्बोनेटची नळी घ्या. मार बसला तर पॉलिकार्बोनेट वाकते. अ‍ॅक्रिलिक किंवा काच फुटून धारदार तुकडे होतात. भिंतीची जाडी साधारण २ मिमी असेल तर शोभेला आणि हलक्या खेळाला चालते, सरावासाठी ३ मिमी लागते. एलईडी ट्यूबलाइटचे पांढरे कव्हर दिसायला सारखे असले तरी पातळ असते, ते फक्त भिंतीवर लावायच्या तलवारीला वापरा. आतून पॅकिंगचा पातळ पांढरा फोम गुंडाळला की दिव्यांचे ठिपके न दिसता सलग प्रकाश दिसतो.

इलेक्ट्रॉनिक्स: तयार बोर्ड ऑनलाइन मिळतात. 'प्रोफीबोर्ड' नावाच्या बोर्डचे सॉफ्टवेअर तर सर्वांसाठी खुले आहे. शिकण्यासाठी करायचे असेल तर आर्डुइनो नॅनो, एमपीयू-६०५० सेन्सर, डीएफप्लेअर मिनी हे आवाजाचे मोड्यूल आणि डब्ल्यूएस२८१२बी जातीची, मीटरला १४४ दिवे असलेली पट्टी वापरून कॉलेजच्या प्रोजेक्टसारखी तलवार बनते. सोल्डरिंग येत नसेल तर मोबाइल दुरुस्तीवाल्याची मदत घ्या.

पहिली तलवार बेसलिट करा. तारा कमी, विजेचा खर्च कमी आणि चूक सापडायलाही सोपी.

सर्वांत महत्त्वाचे: बॅटरी

बहुतेक तलवारींत १८६५० जातीचा लिथियम सेल असतो. या आकड्याचा अर्थ १८ मिमी व्यास आणि ६५ मिमी लांबी. व्होल्टेज फक्त ३.७ असल्याने लोक त्याला खेळण्यातला सेल समजतात. इथेच घोटाळा होतो.

साधा हिशेब करू. तीन फुटी पात्यात पट्टीच्या दोन बाजू मिळून सुमारे २६० दिवे बसतात. पांढऱ्या रंगात पूर्ण तेजावर एक दिवा कमाल ६० मिलिअँपिअर घेतो. म्हणजे कागदावर बेरीज १५ अँपिअरच्या पुढे जाते. प्रत्यक्षात ती कमी भरते, पण तरीही पॉवर बँकेतल्या साध्या सेलसाठी ती जास्तच असते. सेल तापतो, तारा तापतात आणि मूठ बंद असल्याने उष्णतेला बाहेर पडायला वाट नसते.

म्हणून हे नियम पाळा:

- जास्त करंट देणारा, नामांकित कंपनीचा सेल घ्या. सेलवर किती अँपिअरपर्यंत चालतो ते पाहा.
- '९९०० एमएएच' असे छापलेला १८६५० सेल खोटा समजा. या आकारात चांगल्या सेलची क्षमता साधारण ३५०० एमएएचच्या आसपास संपते.
- जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले सेल वापरू नका.
- प्रोटेक्शन सर्किट आणि योग्य क्षमतेचा फ्यूज लावा. पांढऱ्या रंगाचे तेज सॉफ्टवेअरमधून कमी ठेवा.
- ४.२ व्होल्टला थांबणारा चार्जरच वापरा. रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका.
- ४५ अंश सेल्सिअसच्या वर लिथियम सेल चार्ज करू नये. मराठवाड्याच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हातल्या गाडीत हा आकडा सहज गाठला जातो.
- सेल फुगला, तापला किंवा त्याचे वेष्टन फाटले तर तो टोचू नका, कचऱ्याच्या गाडीतही टाकू नका. ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्या.

लेझरची तलवार घ्यावी का?

नाही. काही विक्रेते ताकदवान लेझर पॉइंटरला नळी लावून 'खरी लाइटसेबर' म्हणून विकतात. साध्या प्रेझेंटेशनच्या पॉइंटरची ताकद ५ मिलिवॅटपर्यंत असते. २०१० मध्ये 'एस३ आर्क्टिक' नावाचा सुमारे १००० मिलिवॅटचा निळा लेझर बाजारात आला, तेव्हा तो लाइटसेबरसारखा दिसतो म्हणून लुकासफिल्मने त्या कंपनीला नोटीस पाठवली. असा किरण डोळ्यात क्षणभर गेला तरी पडद्याला कायमची इजा होऊ शकते. विसर्जन मिरवणुकीतल्या लेझरमुळे डोळे दुखावल्याच्या बातम्या महाराष्ट्राने वाचल्या आहेत. एलईडीच्या पात्यात हा धोका नसतो.

ही बाळगणे कायद्याने गुन्हा आहे का?

शस्त्र नियम २०१६ नुसार नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद धारदार पाते शस्त्रांत मोडते. प्लास्टिकच्या नळीला धार नाही, त्यामुळे घरी ठेवायला किंवा शोभेला लावायला अडचण येत नाही.

रस्त्यावरची गोष्ट मात्र वेगळी आहे. महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ च्या कलम ३७(१) खाली सण, निवडणूक किंवा आंदोलनाच्या काळात मनाई आदेश निघतात. त्यात तलवारी, भाल्यांबरोबर काठ्या-लाठ्या आणि मारहाणीला वापरता येईल अशी कोणतीही वस्तू येते. तीन फुटी नळी आणि धातूची मूठ त्या व्याख्येत बसू शकते. आदेश लागू असताना रील काढायची तर घराच्या गच्चीवर काढा. एरवीही प्रवासात पाते काढून, मूठ बंद करून बॅगेत ठेवा. विमानात सुटे लिथियम सेल नेहमी हातातल्या सामानात ठेवावे लागतात.

परदेशातून मागवताना

भारताने खेळण्यांवरचे मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के केले. तुमची वस्तू खेळणे म्हणून गणली गेली तर पार्सल दारात येईपर्यंत किंमत कुठल्या कुठे जाते. १४ वर्षांखालील मुलांसाठीच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. म्हणून लहान मुलासाठी घेत असाल तर आधी ते चिन्ह पाहा. डिस्नेच्या थीम पार्कमध्ये स्वतः जुळवून घ्यायची तलवार २०१९ मध्ये १९९.९९ डॉलरला होती. तुलनेसाठी हा आकडा लक्षात ठेवा.

जमवणाऱ्यांचे जग

चित्रीकरणात वापरलेल्या मूळ वस्तूंची किंमत वेगळ्याच पातळीवर असते. डार्थ व्हेडर या खलनायकाची लढाईची तलवार सप्टेंबर २०२५ मध्ये लिलावात ३६ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेली. घरी बनवलेल्या तलवारीला असा भाव येणार नाही, पण तिची दुरुस्ती तुम्ही स्वतः करू शकता.

विक्री करायची असेल तर जपून. 'लाइटसेबर' हे नाव आणि चित्रपटांची चिन्हे लुकासफिल्मच्या मालकीची आहेत. ब्रिटनमध्ये स्टॉर्मट्रूपर हेल्मेटच्या प्रतिकृतींवरचा खटला २०११ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. स्वतःसाठी एक बनवणे आणि ते नाव लावून दुकान मांडणे यांत मोठा फरक आहे.

खेळ म्हणूनही याला मान मिळाला आहे. फ्रान्सच्या तलवारबाजी महासंघाने २०१९ मध्ये लाइटसेबर द्वंद्वाला अधिकृत मान्यता दिली. आपल्याकडे लाठीकाठी शिकलेल्यांना यातले पवित्रे लवकर जमतील. सराव करताना डोळे आणि बोटे झाकणारे साहित्य वापरा.

थोडक्यात

लढायला बेसलिट, दाखवायला पिक्सेल. नळी पॉलिकार्बोनेटची, सेल खात्रीचा, लेझर नकोच. आणि विकत घेताना पात्याचे रंग किती हे विचारण्याआधी विक्रेत्याला मुठीचे झाकण उघडून सेल दाखवायला सांगा. जो दाखवत नाही, त्याच्याकडून घेऊ नका.