नौरू बेटावरील स्थूलता : एक ऐतिहासिक विवेचन

एखाद्या समाजातील प्रौढ व्यक्तींचा शरीरभार हा वैद्यकाचा विषय मानला जातो. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालावे असे सहसा कोणास वाटत नाही. तथापि काही ठिकाणी वैद्यकीय पाहणीतील आकडे जुन्या दप्तरांच्या साहाय्यावाचून उलगडतच नाहीत. मध्य पॅसिफिक महासागरातील नौरू हे बेट त्याचे ठळक उदाहरण होय. विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेस असलेल्या या बेटाचे क्षेत्रफळ अवघे २१ चौरस किलोमीटर आहे. २००४ साली तेथे झालेल्या पाहणीत प्रौढांपैकी सुमारे ५८ टक्के लोक स्थूल आढळले. म्हणजे किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागिले असता येणारा निर्देशांक त्यांच्या बाबतीत ३० किंवा त्याहून अधिक भरला. ही अवस्था कशी उत्पन्न झाली, याविषयी दिली जाणारी उत्तरे कितपत ग्राह्य आहेत, हे प्रस्तुत लेखात तपासावयाचे आहे.

पहिले उत्तर आनुवंशिकतेचे. १९६२ साली जेम्स नील या अमेरिकन शास्त्रज्ञाने असे प्रतिपादन केले की, वारंवार दुष्काळ सोसणाऱ्या मानवसमूहांत अन्नाचा साठा शरीरात चटकन करणारी ‘काटकसरी’ प्रकृती टिकून राहिली असावी; विपुलतेच्या काळात हीच प्रकृती अपायकारक ठरते. पुढे १९७५-७६ मध्ये पॉल झिमेट व त्यांचे सहकारी यांनी नौरूत पाहणी केली, तेव्हा १५ वर्षांवरील लोकांपैकी सुमारे एक तृतीयांश मधुमेही आढळले आणि नीलच्या उपपत्तीस जणू जिवंत पुरावाच लाभला. दीर्घ सागरी प्रवास, अवर्षणे आणि महायुद्धातील हद्दपारी यांतून जे तगले ते काटकसरी प्रकृतीचेच, असा युक्तिवाद होऊ लागला. हद्दपारीची घटना खरी व दारुण आहे. १९४३ मध्ये जपानी सैन्याने सुमारे १,२०० नौरूवासीयांना ट्रुक बेटांवर नेले. ३१ जानेवारी १९४६ रोजी त्यांपैकी ७३७ तेवढे परतले. परंतु तीन वर्षांच्या उपासमारीने व रोगराईने संपूर्ण समाजाची आनुवंशिक घडण पालटली असे म्हणणे धाडसाचे होईल. स्वतः नीलनेही १९९८ साली आपल्या उपपत्तीचे मूळचे सोपे रूप टिकण्याजोगे नाही हे मान्य केले.

दुसरे उत्तर रूढींचे. वयात आलेल्या मुलींना काही काळ एकांतात ठेवून त्यांना पुष्ट करण्याची चाल नौरूत होती, व तीवरून हा समाज मुळातच स्थूलतेचा भोक्ता आहे असा निष्कर्ष काढण्यात येतो. वस्तुतः तो संस्कार ठराविक मुदतीचा असे. त्यासाठी आप्तस्वकीय आपापल्या परीने अन्न गोळा करीत. अवर्षणप्रवण बेटावर अशी पुष्टता ही सर्व कुळाच्या सामर्थ्याची खूण होती. या चालीने पुरुषांच्या स्थूलतेचा उलगडा होत नाही, आणि ती चाल मागे पडल्यावर वजने का वाढली याचाही होत नाही.

तेव्हा दृष्टी वळवावी लागते ती जमिनीकडे. नारळ, केवड्याच्या कुळातील एका झाडाची फळे आणि मासळी हा नौरूचा जुना आहार. समुद्रात पकडलेली माशांची पिले आणून ती बुआडा सरोवरात वाढविण्याची कलाही लोकांस अवगत होती. १८८८ मध्ये जर्मनीने बेट ताब्यात घेतले. १९०० साली आल्बर्ट एलिस याने तेथील फॉस्फेटचा शोध लावला आणि १९०६-०७ पासून खाणकाम सुरू झाले. जमीनमालकांस आरंभी प्रतिटन अर्धा पेनी एवढाच मोबदला मिळे. पुढे १९१९ च्या करारान्वये ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या तीन सरकारांनी हा व्यवसाय आपल्या हाती घेतला. बेटाचा सुमारे चार पंचमांश भाग व्यापणारे मधले पठार क्रमाक्रमाने खणले गेले. तेथे आता चुनखडकाचे उंच सुळके उरले आहेत. त्यावर ना झाड ना पीक.

आहाराचा पालट खाणीबरोबरच घडला. फॉस्फेट नेण्यास येणारी जहाजे तांदूळ, पीठ, साखर आणि डबाबंद मांस आणू लागली. शासनाच्या निर्बंधांचाही परिणाम झाला. माडीवर बंदी आली तेव्हा अर्भकांत बेरीबेरीचा रोग बळावला; ताजी माडी हा त्या आहारातील जीवनसत्त्वाचा एक मुख्य आधार होता, हे वैद्यकीय अधिकाऱ्यांस मागाहून उमगले. ३१ जानेवारी १९६८ रोजी नौरू स्वतंत्र झाले आणि खाणीचे उत्पन्न लोकांच्या हाती आले. परंतु तोवर पैशाने विकत घेण्यावाचून अन्नाचा अन्य मार्ग फारसा राहिला नव्हता.

येथे एक आक्षेप विचारात घ्यावयास हवा. टोंगा व सामोआ येथे फॉस्फेटच्या अशा खाणी नाहीत. तरीही तेथील प्रौढांत स्थूलता विपुल आहे. म्हणून खाणकाम हेच एकमेव कारण, असे म्हणता येणार नाही. आयात अन्नावरील अवलंबन हे या सर्व बेटांचे समान लक्षण होय. नौरूचे वैशिष्ट्य एवढेच की, तेथे माघारी फिरण्याची वाटच खणून काढली गेली. याचा पडताळा पुढील काळात येतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस फॉस्फेट सरत आले, त्याच्या उत्पन्नातून साठविलेला निधी लयास गेला, देश कर्जबाजारी झाला. परंतु वजने उतरली नाहीत. संपत्ती हेच स्थूलतेचे मूळ असते, तर दारिद्र्याने ती घटावयास हवी होती. दारिद्र्याने केवळ अधिक स्वस्त तांदूळ व साखर खाण्याची पाळी आणली.

हा वाद केवळ पंडिती नव्हे. दोष रक्तात मानला तर उपाय औषधाचा. सवयीत मानला तर उपदेशाचा व कराचा. २००७ मध्ये नौरूने साखरेवर ३० टक्के आयातकर बसविला, तो याच दृष्टीने. दोष जमिनीच्या इतिहासात असेल, तर मात्र प्रश्न भरपाईचा होतो. १९८९ साली नौरूने ऑस्ट्रेलियाविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला आणि १९९३ मध्ये १० कोटी ७० लक्ष ऑस्ट्रेलियन डॉलरांवर तडजोड झाली. दाव्याचा विषय स्वातंत्र्यापूर्वी खणलेल्या जमिनीचे पुनर्वसन हा होता. लोकांच्या प्रकृतीचा नव्हे. जमीन आणि शरीर यांचा हिशेब असा दोन निराळ्या वह्यांत मांडला गेला. या दोन वह्या एकत्र ठेवून वाचणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम आहे. शरीरभाराच्या कोणत्याही कोष्टकापुढे बसताना, हे लोक काय खातात याबरोबरच, पूर्वी काय पिकवीत होते व ते पिकविणे केव्हा थांबले, हेही विचारले पाहिजे.