गिझरचे आयुष्य पाण्याच्या हाती

घरातील साठवण टाकीचा विजेवरील गिझर साधारणपणे आठ ते बारा वर्षे टिकतो, असे मानले जाते. मात्र बीड जिल्ह्यात, विशेषतः कूपनलिकेचे पाणी वापरणाऱ्या घरांत, हा हिशेब अनेकदा चुकतो. त्याचे कारण यंत्रापेक्षा पाण्यात अधिक आहे.

बीड शहराला माजलगाव धरण व बिंदुसरा प्रकल्पातून पाणीपुरवठा होतो. नळाचे पाणी पुरेसे नसेल तेव्हा कूपनलिकेचा आधार घ्यावा लागतो. २०१२-१३ आणि २०१५-१६ च्या दुष्काळांत मराठवाड्याने ही टंचाई तीव्रतेने अनुभवली. बेसॉल्ट खडकाच्या भेगांत दीर्घकाळ मुरलेल्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळतात. पाणी तापले की त्यांतील काही भाग घट्ट पांढऱ्या थराच्या रूपाने बाहेर पडतो. जुन्या तांब्याच्या बंबात बसणारी खर ती हीच.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार एकूण कठीणपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. पर्यायी स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो. या कमाल मर्यादेचे रोज शंभर लिटर पाणी तापवल्यास वर्षभरात सुमारे २२ किलो क्षार गिझरमधून जातात. त्यांतील थोडासाच अंश आत साचला तरी तापक तारेभोवती कवच तयार होते. उष्णता पाण्यापर्यंत पोहोचण्यास विलंब लागतो, वीज अधिक जळते आणि तार अतितापून निकामी होते.

आयुष्य कसे वाढवावे?

काचेच्या मुलाम्याच्या टाकीत मॅग्नेशियमची कांडी बसवलेली असते. ती स्वतः झिजून टाकीला गंजापासून वाचवते. ती झिजून संपल्यावर न बदलल्यास गंज टाकीकडे वळतो. म्हणून वर्षातून एकदा जाणकार तंत्रज्ञाकडून कांडीची तपासणी, तारेवरील क्षारांची सफाई आणि टाकीतील गाळाचा निचरा करून घ्यावा. तापमान ५० ते ६० अंशांदरम्यान ठेवल्यास थर सावकाश साचतो.

पाणी तापण्यास उशीर लागणे किंवा आतून तडतड ऐकू येणे, ही थर साचल्याची लक्षणे होत. तार व थर्मोस्टॅट बदलता येतात. पण टाकीच गळू लागली, तर दुरुस्तीवर खर्च न करता नवा गिझर घेणे श्रेयस्कर.

सुरक्षेकडे दुर्लक्ष नको

क्षारांमुळे दाब सोडणारी झडप तुंबू शकते. अशा वेळी थर्मोस्टॅटही बिघडला, तर टाकी फुटण्याचा धोका असतो. त्यामुळे वार्षिक तपासणीत झडप व अर्थिंग पाहून घेणे अत्यावश्यक आहे. गिझर किती वर्षे चालला, यापेक्षा तो सुरक्षितपणे चालतो आहे का, हे महत्त्वाचे.