पत्त्यांत भर कसली घालावी? बाबराचा गंजिफा, सावंतवाडीचे दशावतार आणि भाच्याचा प्रश्न

मे महिन्याच्या सुट्टीत भाचा-भाची मुंबईहून फोंड्याला आली, ती पत्त्यांचा एक खोका घेऊन. खेळाचं नाव 'मंचकिन'. वळवाचा पाऊस सुरू झाला, लाइट गेली आणि बॅटरीच्या दिव्याखाली आम्ही तिघं बसलो. भाच्याने नियम सांगितले: पान उलटलं की गुहेचं दार उघडतं. आत राक्षस असेल तर मारायचा आणि खजिना घ्यायचा. शेजाऱ्याला अडचणीच्या वेळी मदत करायची किंवा खुशाल दगा द्यायचा. जो दहाव्या पायरीवर आधी पोचेल तो जिंकला. सगळी चित्रं हसवणारी. राक्षससुद्धा असे की मारताना कीव यावी.

डाव संपल्यावर त्याने खरा प्रश्न काढला. "मामू, ह्याची एक्सपान्शनं मिळतात. जपून ठेवलेल्या ईदीतून एकच येईल. कुठलं घेऊ?"

मूळ खेळ २००१ सालचा, अमेरिकेतल्या स्टीव्ह जॅक्सन यांचा, चित्रं जॉन कोव्हॅलिक यांची. मूळ खोक्यात १६८ पानं. त्यानंतर पुरवण्या निघत गेल्या. एकीत 'ऑर्क' ही नवी जमात, दुसरीत बुटके 'नोम' आणि 'बार्ड' म्हणजे भाट-शाहीर, तिसरीत स्वारीची जनावरं. निवडायचं कसं, हे मला सांगता येईना. पण प्रश्न ओळखीचा वाटला. तो पाचशे वर्षं जुना आहे आणि त्याचं एक उत्तर आमच्याच जिल्ह्यात, सावंतवाडीच्या चितार आळीत रंगवलं गेलं आहे.

गंजिफा हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. इस्तंबूलच्या तोपकापी महालात मामलूक काळातला पत्त्यांचा एक जोड जपलेला आहे. त्यात चार रंग आहेत: दिनार, प्याले, तलवारी आणि पोलोच्या काठ्या. प्रत्येक रंगात तेरा पानं, म्हणजे एकूण बावन्न. राजाच्या हाताखाली 'नायब'. स्पॅनिश भाषेत पत्त्यांना 'नाइपेस' म्हणतात, ते या नायबावरूनच आलं असं बरेच अभ्यासक मानतात. आपण ज्याला 'इंग्रजी पत्ते' म्हणतो, त्यांची एक मुळी अशी काहिऱ्याकडे जाते.

इराणात हा खेळ आठ रंगांचा झाला. अहली शिराजी या कवीने त्यावर रुबाया रचल्या. हिंदुस्थानातली ठळक नोंद बाबरनाम्यात आहे. १५२७ साली बाबराने सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवला, कारण शाह हसनला या खेळाची आवड होती.

मग अकबराचा काळ येतो आणि भाच्याच्या प्रश्नाशी आपण थेट येऊन पोचतो. 'आईन-ए-अकबरी'त अबुल फज्ल आधी बारा रंगांचा एक जुना जोड सांगतो. रंगात बारा पानं, एकूण १४४. पहिला अश्वपती, घोडदळाचा धनी, म्हणजे दिल्लीचा राजा. दुसरा गजपती, ओरिसाचा. तिसरा नरपती, ज्याचं बळ पायदळात, म्हणजे विजापूरचा. आमचं तळकोकण पुढे ज्या आदिलशाहीत होतं, तिचा राजा असा एका पत्त्यावर बसलेला आहे. पुढे गडांचा, खजिन्याचा, आरमाराचा धनी. स्त्रियांच्या रंगाची राणी. देवांचा धनी सुरपती, म्हणजे इंद्र. असुरपती म्हणजे जिनांचा धनी, आणि त्या पानावर चित्र कुणाचं, तर तख्तावर बसलेल्या हजरत सुलेमानांचं. शेवटी जंगली श्वापदांचा आणि सापांचा राजा. इंद्र आणि सुलेमान एकाच जोडात, शेजारी-शेजारी. मंचकिनवाल्यांना हे सुचलं असतं तर त्यांनी वेगळा खोका काढला असता.

अकबराने यात फेरफार केले, असं सांगून अबुल फज्ल आठ रंगांचं वर्णन करतो. ताज, सफेद म्हणजे चांदीचं नाणं, शमशेर, गुलाम, चंग हे तंतुवाद्य, सुर्ख म्हणजे सोन्याचं नाणं, बरात म्हणजे सरकारी हुकूमपत्र आणि किमाश म्हणजे माल. साप, जिन आणि श्वापदं गेली आणि त्यांच्या जागी कामकरी माणसं आली. 'बरात'च्या रंगात कागद बनवणारा, कागदावर रेघा आखणारा, दप्तरात नोंद करणारा, जिल्द बांधणारा. सोन्याच्या रंगात नाणी तोलणारा आणि मोजणारा. गुलामांच्या रंगात राजा हत्तीवर, वजीर गाडीवर, आणि चाकरमाणसं कशी? कुणी बसलेलं, कुणी आडवं पडलेलं, कुणी नशेत, कुणी शुद्धीवर. बादशहाच्या हातातल्या पत्त्यावर त्याचाच झिंगलेला नोकर. हा विनोद मला मंचकिनपेक्षा वरचा वाटतो.

चित्रं बदलली, पण खेळाचा सांगाडा बदलला नाही. राजा, वजीर आणि एक्का ते दश्शी, अशी रंगात बारा पानं. आठ रंगांची मिळून ९६. तिघांत वाटली की प्रत्येकी ३२. निम्म्या रंगांत दश्शी मोठी, निम्म्या रंगांत उलट, एक्का मोठा. पहिल्या गटाला 'बेशबर' आणि दुसऱ्याला 'कमबर' म्हणत. डाव उघडायचा तो दिवसा सुर्खच्या राजाने, कारण सोनं सूर्याचं, आणि रात्री सफेदच्या राजाने, कारण चांदी चंद्राची.

हाच खेळ दख्खनेत उतरला. आठ रंगांच्या जोडाला मराठीत 'चंगकांचनी' हे नाव पडलं. चंग फारसी, कांचन संस्कृत. दोन भाषांनी मिळून एक शब्द केला आणि कुणाला खटकलं नाही. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हा शब्द फळ्यावर लिहून ठेवावासा वाटतो.

मग आठाचे दहा झाले. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध, कल्की. बारा-बारा पानं, एकूण १२०, तिघांत प्रत्येकी ४०. वजिराचा प्रधान झाला. पाच अवतारांत आकड्यांचा क्रम सुलटा, पाचांत उलटा, म्हणजे बेशबर-कमबरची रीत तशीच राहिली. आणि डाव उघडायचा तो दिवसा रामाने, रात्री कृष्णाने. सुर्ख आणि सफेद जिथे बसले होते, त्याच जागी राम आणि कृष्ण येऊन बसले. ओरिसात हाच खेळ गेला तेव्हा नवव्या जागी जगन्नाथ आला.

सावंतवाडीत दशावतारच का रुजले, हे आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. इथे जत्रेच्या रात्री देवळासमोर दशावतारी नाटक होतं. काळ्या कपड्यातला संकासुर मालवणीत विष्णूची टर उडवतो आणि प्रेक्षक पोट धरून हसतात. राक्षस भयंकर असावा आणि विनोदीही असावा, हे कोकणाला अमेरिकेकडून शिकायचं नव्हतं. या प्रेक्षकांत आमची मुसलमान घरंही असायची. मी स्वतः अब्बांच्या मांडीवर बसून संकासुर पाहिला आहे. जो समाज रात्र-रात्र जागून अवतार पाहतो, त्याच्या हातात पत्त्यावरही अवतार आले तर नवल नाही. मत्स्याची खूण मासा, परशुरामाची परशू. अक्षर न येणाऱ्यालाही पान ओळखता यायचं.

हे पान तयार कसं होतं तेही पाहण्यासारखं आहे. कापड किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, कडक झाले की गोल कापायचे, घोटून गुळगुळीत करायचे, रंगवायचे आणि वर लाखेचा हात द्यायचा. हे काम सावंतवाडीच्या चितारी कलाकारांचं. महागड्या कामाला 'दरबारी' आणि स्वस्ताला 'बाजारी' म्हणतात. दोन्ही शब्द पुन्हा फारसीच.

रंग वाढवायची हौस इथेच थांबली नाही. नऊ ग्रहांचा नवग्रह गंजिफा झाला, १०८ पानांचा. बारा राशींचा १४४ पानांचा झाला. म्हैसूरला तिसऱ्या कृष्णराज वोडेयरांनी 'छद' नावाचे खेळच रचले आणि पानं ३६० पर्यंत नेली. चित्रं अप्रतिम, पण ३६० पानं लक्षात ठेवून खेळणार कोण? ती संग्रहालयांत गेली. गंजिफ्यात गेलेली पानं लक्षात ठेवणं हाच कस असतो. १२० पर्यंत माणसाची स्मरणशक्ती सरावाने पुरते आणि त्यापुढे खेळ राजाच्या कपाटात जातो. दशावतार टिकले याचं कारण मला असं दिसतं: त्यांनी नवा नियम आणला नाही. लोकांना जे आधीच पाठ होतं ते जुन्या नियमावर बसवलं.

तरीही पुढे गंजिफा मागे पडला. कारखान्यात छापलेले बावन्न पानांचे स्वस्त जोड आले. हाताने रंगवलेली १२० पानं त्यांच्यापुढे कशी टिकणार? गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत सावंतवाडीतही जाणकार संपत आले होते. राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध कलाकार पुंडलिक चितारी यांच्याकडून ही विद्या शिकून घेतली आणि राजवाड्यात काम पुन्हा सुरू केलं. २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. कला वाचली. खेळ वाचला का, हा प्रश्न वेगळा आहे. आज बहुतेक जोड काचेच्या चौकटीत भिंतीवर लागतात.

आणि भिंतीवर लागलं की मालकीचा वाद सुरू होतो. एका प्रदर्शनात एक गृहस्थ मला समजावत होते, की हा आपला शुद्ध प्राचीन खेळ आहे, मोगलांचा त्याच्याशी काय संबंध? आमच्या घरी अब्बांनी हौसेने आणलेला दशावतारी जोड आहे. तो पाहून नात्यातले एक बुजुर्ग म्हणाले होते, की हे आपलं नव्हे, घरात कशाला ठेवलंस? दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक होते आणि दोघांनीही हा खेळ कधी खेळलेला नव्हता. खेळले असते तर पहिल्या गृहस्थांना रामाच्या हातात सुर्खची जागा दिसली असती. बुजुर्गांना दिसलं असतं की या पानांची इथे कुणी पूजा करत नाही, तिघं बसून पानं मोजतात. मजहबने ज्याची सक्त मनाई केली तो जुगार आहे. पैसा लावला तर बावन्न पानांवरही गुन्हा तोच.

"आपलं" म्हणजे काय, याचं उत्तर मला तरी मालकीच्या कागदात सापडत नाही. आपण एखादी गोष्ट घेतो, आपल्याजवळचं तिच्यात घालतो आणि पुढच्याच्या हातात देतो. काहिरा, शिराज, आग्रा, सावंतवाडी या प्रत्येक गावाने गंजिफ्याशी हेच केलं. कुणी आधीच्याचं नाव खोडण्याची गरज त्यात पडली नाही.

भाच्याला दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं. जी पुरवणी नवे नियम लादत नाही, नवी माणसं आणते, ती घे. त्याने यादी पाहिली आणि 'क्लेरिकल एरर्स' निवडली, नोम आणि भाट असलेली. नावात कोटी आहे: 'क्लेरिकल' म्हणजे धर्मगुरूंचंही आणि कारकुनांचंही. मला अकबराचा बरातचा रंग आठवला, रेघा आखणारा आणि नोंदी करणारा. आणि भाट आला म्हणजे चंगही आला.

ते पार्सल यायला आठ दिवस होते. म्हणून मी कपाटातून अब्बांचा लाकडी डबा काढला. अम्मीने स्वयंपाकघरातून एवढंच विचारलं, "पैसे लावणार नाही ना?" नाही म्हटलं. तिघांत चाळीस-चाळीस पानं वाटली. गोल पानं भाचीच्या हातात मावेनात, सारखी घसरत होती.

"मामू, डाव कोण उघडणार?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. मगरिबची अजान होऊन गेली होती, दिवेलागण झाली होती. म्हटलं, आता रात्र. कृष्णाचा राजा कुणाकडे आहे?