रहीमसाहेबांचे दोन पराभव
सय्यद अब्दुल रहीम यांची कारकीर्द सांगताना सहसा आशियाई खेळांतल्या दोन सुवर्णपदकांपासून सुरुवात होते: १९५१ ची दिल्ली आणि १९६२ चे जाकार्ता. मला मात्र ती दोन पराभवांच्या बाजूने वाचावीशी वाटते.

रहीमसाहेब मुळात हैदराबादचे शाळामास्तर. त्यांनी घडवलेल्या हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. याच काळात राष्ट्रीय संघही त्यांच्या हाती आला.

पहिला पराभव १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधला. युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला. आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळत होते. पुढे बूट सक्तीचे झाले. पण नुसत्या बुटांनी संघ बदलत नाही. त्यासाठी चेंडू पायात घोळवत न ठेवता चटकन साथीदाराकडे देण्याची सवय लावावी लागली. चार वर्षांनी मेलबर्नला याच गुरूच्या संघाने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. त्यातले तीन गोल नेव्हिल डिसोझाचे. मूळ गोव्यातल्या आसगावचा हा गडी मुंबईत टाटांच्या संघातून खेळे. ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला.

दुसरा पराभव जाकार्ताचा. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून ०-२. तेव्हा रहीमसाहेबांना कर्करोगाने ग्रासले होते. पुढे बचावपटू जर्नेलसिंगच्या डोक्याला मार लागला, टाके पडले. रहीमसाहेबांनी त्याला आघाडीला खेळवले. उपांत्य फेरीत त्याने गोल केला. ४ सप्टेंबरला अंतिम सामन्यात समोर पुन्हा कोरियाच, आणि प्रेक्षक भारतावर खवळलेले. इस्रायल व तैवानला वगळल्याबद्दल एका भारतीय पदाधिकाऱ्याने आवाज उठवला होता. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल यांच्या गोलांनी भारत २-१ जिंकला.

११ जून १९६३ रोजी रहीमसाहेब गेले. १९७० मध्ये बँकॉकला कांस्य मिळाले. आशियाई सुवर्ण पुन्हा आजवर नाही. मला वाटते, आपण त्यांची पदके जपली. हरल्यावर नेमके काय बदलायचे, हे ठरवण्याची त्यांची रीत मात्र एका माणसापुरतीच राहू दिली. मास्तर गेल्यावरही शाळा चालावी लागते. इथे ती चालली नाही.