मंडईला इन्स्पेक्टर, रस्त्याला गाडी

"गाडी आली, गाडी आली!" दादर स्टेशनबाहेर ही आरोळी ऐकली नाही असा मुंबईकर विरळाच. दोन मिनिटांत ताडपत्र्यांची गाठोडी होतात, टोपल्या गल्लीबोळात गडप होतात. महापालिकेची गाडी येते, हाती लागेल ते उचलते आणि जाते. थोड्या वेळाने बघावं तर सगळं पुन्हा जागच्या जागी!

आपल्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर हा दर आठवड्याला क्लोज होणारा आणि दर आठवड्याला रीओपन होणारा बग. वर्षभर असं चाललं तर डेव्हलपर आळशी आहे म्हणता येईल. पण शंभर-सव्वाशे वर्षं चाललं तर? मग मंडळी, मूळ डिझाइनच उघडून बघावं लागतं. म्हणून या वीकेंडला थोडा इतिहास.

सुरुवात करू आर्थर क्रॉफर्डपासून. १८६५च्या कायद्याने मुंबईला म्युनिसिपल कमिशनर हे पद मिळालं आणि त्या खुर्चीवर बसलेला पहिला माणूस हा. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे आलेली कापसाची तेजी त्याच वर्षी कोसळली होती. शहर मात्र तेजीत वाढायचं तेवढं वाढून बसलं होतं, आणि घाणही तेवढीच. क्रॉफर्ड धडाक्याचा माणूस. कत्तलखाना शहराबाहेर वांद्र्याला हलवला आणि १८६९ मध्ये आपलं क्रॉफर्ड मार्केट उभं राहिलं. आराखडा विल्यम इमर्सनचा, दारावरची शिल्पं लॉकवूड किपलिंगची (हो, 'जंगल बुक'वाल्या रुडयार्डचे वडील). या सगळ्यावर त्याने पैसा इतका सढळ हाताने खर्च केला की १८७१ मध्ये करदात्यांनी आरडाओरड केली आणि साहेबांना जावं लागलं.

मार्केटमागचा विचार सरळ होता. विक्री छताखाली आणा. मग मासळी-मटण तपासता येतं, जमीन धुता येते, गाळ्याचं भाडं घेता येतं. हे करायला माणसं लागतात, म्हणून इन्स्पेक्टर आले, सफाईवाले आले, हिशेब ठेवणारे आले. आजही महापालिकेत यासाठी वेगळं बाजार खातं आहे. त्या खात्याच्या इन्स्पेक्टरचं रोजचं काम काय? गाळे चालू ठेवणं.

आता रस्त्यावर या. १८८८चा मुंबई महानगरपालिका कायदा (दुरुस्त्या होत होत तो आजही लागू आहे) रस्त्याकडे फक्त जाण्यायेण्याची जागा म्हणून बघतो. त्यातलं कलम ३१३ म्हणतं, परवानगीशिवाय रस्त्यावर स्टॉल, टोपली, काही मांडायचं नाही. आणि कलम ३१४ म्हणतं, मांडलंच तर कमिशनर ते नोटीस न देता हटवू शकतो. म्हणजे रस्त्यावरच्या विक्रेत्यासाठी 'हटवा' हे फंक्शन पहिल्यापासून तयार आहे, अगदी नीट टेस्ट केलेलं. 'चालवा' हे फंक्शन कोणी लिहिलंच नाही.

परवान्याची सोय होती, नाही असं नाही. पण १९७८ नंतर नवे परवाने देणं बंद झालं आणि आकडा सुमारे १५ हजारांवर गोठला. शहर थोडंच गोठलं! गिरण्या बंद पडत गेल्या, नोकऱ्या गेल्या, लोक फुटपाथवर विकायला बसले. मग १९८०च्या दशकाच्या अखेरीला एक भन्नाट वर्कअराऊंड निघाला, 'पावती'. विनापरवाना फेरीवाल्याकडून रोज काही रुपये घ्यायचे आणि पावती फाडायची. आकाराचं नाव काय, तर अनधिकृत जागा वापरल्याबद्दल आणि कचरा उचलल्याबद्दल. म्हणजे तुम्ही बेकायदा आहात, पण तुमचा कचरा आम्ही कायदेशीर उचलू! हसू येतं खरं, पण विक्रेत्याने ती पावती जपून ठेवली. आपण इथे बसतो याचा सरकारी शिक्क्याचा तेवढाच कागद त्याच्याकडे होता. पुढे तीही बंद झाली.

कागद गेला की हप्ता येतो, हे काही मी वेगळं सांगायला नको. यात पुन्हा आपले क्रॉफर्डसाहेब आठवतात. १८८८ मध्येच, म्हणजे तो कायदा आला त्याच वर्षी, पुण्याकडे मोठ्या हुद्द्यावर असलेल्या क्रॉफर्डवर लाचखोरीचा खटला उभा राहिला. पैसे दिल्याची साक्ष मामलेदारांनी दिली, अभयाचं आश्वासन मिळाल्यावर. लाचखोरीचा आरोप चौकशीत टिकला नाही, नोकरी मात्र गेली. आणि मग देणाऱ्या मामलेदारांवरच बालंट आलं, तेव्हा त्यांच्या बाजूने उभे राहिले टिळक. फेरीवाल्याची अवस्था त्या मामलेदारांपेक्षा वाईट. तो साक्ष द्यायला गेला तर पहिला प्रश्न येणार, 'तू तिथे बसलाच कसा?'

पुण्याची गोष्ट थोडी वेगळी आणि जास्त बोचरी. शनिवारवाड्यासमोरचा उघडा बाजार उचलून छताखाली नेण्यासाठी रे मार्केट बांधलं गेलं, १८८६ मध्ये ते सुरू झालं. इमारतीवर एवढा पैसा घालायला नगरपालिकेत सभासद असताना जोतीराव फुल्यांनी विरोध केला होता. पुढे १९३८ मध्ये आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्याच इमारतीला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटचंही आजचं नाव तेच. प्रश्न इमारत हवी की नको हा नाही, मंडई मला आवडते. पण इमारतीत न मावणाऱ्यांचं काय, याचं उत्तर दोन्ही शहरांनी पुढे ढकललं.

असो. आता रस्ता संपतो तिथे जाऊ, गिरगाव चौपाटीवर. इथला गोंधळ वेगळा. वाळू राज्य सरकारची, सफाई महापालिकेची, बंदोबस्त पोलिसांचा. एरवी 'हे माझ्याकडे येत नाही' म्हणायला उत्तम सोय! पण अनंत चतुर्दशीला तीच चौपाटी बघा. मूर्ती नेणारे ट्रक वाळूत रुतू नयेत म्हणून आधीच स्टीलच्या प्लेट्स अंथरलेल्या असतात. फ्लडलाइट लागतात, जीवरक्षक उभे राहतात, निर्माल्याचे कलश येतात, प्रथमोपचाराची सोय असते. कोण कुठे उभा राहणार हे ठरलेलं असतं. लाखोंची गर्दी येते आणि पहाटे सफाई कामगार वाळू वेचायला लागलेले असतात.

म्हणजे महापालिकेला जमत नाही असं अजिबात नाही. फरक एवढाच, की गणपती येणारच हे तिने गृहीत धरलंय. म्हणून ती त्याच्यासाठी माणसं नेमते, प्लेट्स मोजते, वेळापत्रक करते. दादरचा भाजीवाला उद्या येणारच, हे मात्र तिला सव्वाशे वर्षांत गृहीत धरता आलेलं नाही. त्यासाठी नेमलेलं खातं आहे, पण त्याचं नावच 'अतिक्रमण निर्मूलन'. नाव वाचून त्या इन्स्पेक्टरने दुसरं काय करावं?

चालणाऱ्यांचं काय, हा प्रश्न रास्त आहे. मीही त्यातलाच. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. त्यानंतर स्टेशनांबाहेरच्या फेरीवाल्यांचा विषय पेटला आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्टेशनच्या १५० मीटरच्या आत विक्रीला मनाई ठरवली. ठीक. पण १५० मीटर मोजणार कोण, आणि १५१व्या मीटरवर कोण कुठे बसेल हे ठरवणार कोण?

याचं उत्तर कागदावर आहे. २०१४ मध्ये केंद्राचा पथविक्रेता कायदा आला. दर पाच वर्षांनी सर्वेक्षण, नगर पथविक्रेता समिती, तिच्यात किमान ४० टक्के विक्रेत्यांचे प्रतिनिधी आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायका. सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत कोणाला हटवायचं नाही. मुंबईत त्याच वर्षी अर्ज मागवले, ९९ हजारांवर आले. समितीची निवडणूक झाली ऑगस्ट २०२४ मध्ये. मधे दहा वर्षं गेली! आणि मतदार यादीत नावं उरली सुमारे ३२ हजार. बाकीच्यांपैकी किती जण अजूनही रोज बसतात ते तुम्ही संध्याकाळी घरी जाताना मोजू शकता.

आपल्याला अनुभव आहे, रिक्वायरमेंट डॉक्युमेंट कितीही चांगलं असलं तरी टीमच नेमली नाही तर रिलीज होत नाही. इथेही कायदा नवा आणि टीम जुनी, तीही हटवण्यासाठी तयार झालेली. प्रत्येक वॉर्डात रस्त्यावरच्या बाजारासाठी मंडईसारखाच एक इन्स्पेक्टर हवा. जागेच्या रेषा आखणारा, चालायला वाट मोकळी ठेवणारा, पावती देऊन पैसे घेणारा, पाण्याची आणि कचऱ्याची सोय बघणारा. १८६९ मध्ये छताखाली जे काम नेमून दिलं, तेच काम, फक्त उघड्यावर.

पुढच्या अनंत चतुर्दशीला गिरगावला गेलात तर बाप्पाबरोबर वाळूतल्या त्या प्लेट्सकडेही एकदा बघा. कुणीतरी आधी येऊन, मोजून, त्या तिथे टाकलेल्या असतात.