कर्ज कुणाचे, फेडले कुणी?

राष्ट्राचे कर्ज सर्वांचे असते, असे आपणास नेहमी सांगितले जाते. हे विधान मला इतिहासावर घासून पाहावयाचे आहे.

१८३३ साली ब्रिटिश पार्लमेंटने गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला. त्याने सुमारे ८ लाख गुलामांच्या मुक्तीची वाट उघडली आणि २ कोटी पौंडांची भरपाई मंजूर केली. सरकारच्या वर्षभराच्या खर्चाच्या सुमारे ४० टक्के एवढी ही रक्कम. ती मिळाली मालकांना! ज्यांच्या पाठीवर आसूड ओढले गेले, त्यांना छदामही नाही. उलट बहुतेकांना १८३८ पर्यंत ‘उमेदवार’ म्हणून जुन्याच मालकाकडे फुकट राबावे लागले.

भरपाईसाठी १८३५ साली सरकारने दीड कोटी पौंडांचे कर्ज उभारले. रोख्यांची रूपे बदलत ते देणे २०१५ साली फिटले. म्हणजे कॅरिबियन बेटांतून ब्रिटनमध्ये आलेल्या गुलामांच्या वंशजांनीही, आपल्या करांतून, पूर्वजांच्या मालकांची भरपाई फेडली.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. त्यांचा वारसा सांगणाऱ्या आपण मुक्तीचा जमाखर्चही वाचला पाहिजे.

कर्ज काढणे मी पाप मानीत नाही. शाळा, दवाखाने, पाणी यांसाठी काढलेले कर्ज पुढच्या पिढीने जरूर फेडावे. पण फेडण्यात सर्वांचा वाटा असेल, तर खर्च ठरविण्यातही सर्वांचा वाटा हवा. म्हणून अंदाजपत्रक वाचणे आणि त्यावर जाब विचारणे हे चळवळीचेच काम आहे.