सात दिवसांचं राज्य

आमच्या वाचन मंडळात दर महिन्याला एकजण नव्या प्रकारच्या पुस्तकांची ओळख करून देते. माझी पाळी आली तेव्हा मी विषय सांगितला, सायबरपंक. क्षणभर सगळ्या गप्प. मग एकजण म्हणाली, "म्हणजे सायकलचं पंक्चर का गं?" पुढची पाच मिनिटं हसण्यातच गेली. मी म्हटलं, अगं, शाळेत संस्कृत शिकलो ना आपण? पंक म्हणजे चिखल. चिखलात उगवतं ते पंकज.

खरं तर इंग्रजीतल्या 'पंक'चं आपल्या पंकाशी काही नातं नाही. तो शब्द १९७०च्या दशकातल्या बंडखोर तरुण पोरांच्या कर्कश संगीतातून आला. पण योगायोग छान जुळला आहे. या कथांमध्ये वर चकचकीत यंत्रं असतात आणि खाली गल्लीतला चिखल. वरच्या मजल्यावर कंपनी राहते, माणसं चिखलात राहतात.

'सायबर' हा शब्दही समजून घेण्यासारखा आहे. नॉर्बर्ट वीनर या गणितज्ञानं १९४८ साली 'सायबरनेटिक्स' नावाचं पुस्तक लिहिलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नावेचं सुकाणू धरणारा. म्हणजे सुकाणू आणि चिखल. सुकाणू कुणाच्या हातात आणि चिखलात कोण, एवढा एकच प्रश्न या कथा पुन्हा पुन्हा विचारतात. तो माझ्या मागे का लागला, ते शेवटी सांगते. आधी या घराण्याची ओळख करून घेऊ.

'सायबरपंक' हे नाव ब्रूस बेथकी या अमेरिकन लेखकानं आपल्या एका कथेला दिलं. कथा १९८० साली लिहिली, छापून आली १९८३ साली. पण घराण्याचे आजोबा-पणजोबा त्याच्या कितीतरी आधीचे. एक आजोबा म्हणजे डॅशिएल हॅमेट आणि रेमंड चँडलर यांच्या गुप्तहेरकथा. पावसाळी रात्र, भ्रष्ट शहर, खिशात पैसा नसलेला एकटा नायक. बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाडच्या गोष्टी अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचलेल्या बायकांना हे वातावरण अगदीच परकं वाटणार नाही.

दुसरे आजोबा फिलिप के. डिक. त्यांच्या १९६८ सालच्या कादंबरीत माणसासारखे दिसणारे यंत्रमानव आहेत आणि खरा माणूस ओळखायचा कसा, हा पेच आहे. तिच्यावरून १९८२ साली 'ब्लेड रनर' हा चित्रपट निघाला. सायबरपंकचं शहर कसं दिसतं, ते जगानं त्यात पाहिलं.

आणि एक आजीही आहे. तिचं नाव मुद्दाम सांगते, कारण बऱ्याच जणांना ते आठवत नाही. जेम्स टिपट्री हे नाव पुरुषाचं, पण त्या नावानं लिहीत होती अ‍ॅलिस शेल्डन. हे गुपित फुटलं १९७७च्या सुमारास. त्याआधी १९७३ साली तिनं एक दीर्घकथा लिहिली. त्या जगात जाहिरातींवर बंदी आहे. मग कंपनी एक सुंदर, पोकळ देह तयार करते आणि दूर तळघरात एका कुरूप, दुखावलेल्या मुलीला तारांनी जोडून तिच्याकडून तो देह चालवून घेते. सुंदर बाहुली जगभर मिरवते, जे वापरते ते लोक विकत घेतात. मुलीचं स्वतःचं शरीर तळघरात झिजत राहतं. आज मोबाइलवर रील्स बघताना मला ती तळघरातली मुलगी आठवते.

मग आला १९८४. विल्यम गिब्सन यांची 'न्यूरोमॅन्सर' प्रसिद्ध झाली. 'सायबरस्पेस' हा शब्द त्यांनी दोन वर्षं आधी एका कथेत वापरला होता, या कादंबरीनं तो घरोघर पोचवला. गंमत म्हणजे ही कादंबरी त्यांनी साध्या, हाताने चालणाऱ्या टाइपरायटरवर लिहिली. नायक केस हा संगणकांत घुसून चोरी करणारा. त्यानं मालकांना फसवलं म्हणून त्यांनी त्याच्या मज्जातंतूंचीच नासाडी केलेली. त्याला पुन्हा कामावर लावतं कोण, तर पडद्याआड बसलेली एक यंत्रबुद्धी. माणसांनी घातलेली बंधनं तोडायला तिला माणसाचेच हात हवे असतात. १९८६ साली ब्रूस स्टर्लिंग यांनी या पंथाच्या कथांचा संग्रह काढला, त्यात बाई एकटीच, पॅट कॅडिगन.

आता आपल्याकडे येऊ. १९८४ साली मी अकरावीत होते. त्या वर्षी फेब्रुवारीत इंदुरात प्रगत तंत्रज्ञान केंद्राची पायाभरणी झाली. आज ते राजा रामण्णांच्या नावानं ओळखलं जातं. आमच्या विज्ञानाच्या बाई अभिमानानं सांगायच्या, आता आपल्या गावात लेसरवर काम होणार. आणि त्याच वर्षी, २ डिसेंबरच्या रात्री, भोपाळला युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. झोपलेली वस्ती जागच्या जागी गेली. कंपनी अमेरिकेतली, मरणारी माणसं कारखान्याला लागून असलेल्या झोपडपट्टीतली. कंपनीचे अध्यक्ष आले, अटक झाली, त्याच दिवशी जामिनावर सुटून निघून गेले. १९८९ साली ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. तिकडे गिब्सन कल्पनेनं लिहीत होते की कंपनी सरकारपेक्षा मोठी होईल आणि किंमत गरिबाच्या फुप्फुसानं चुकवली जाईल. इकडे आमच्यापासून चार तासांवर ते घडून गेलं होतं.

ते तिथंच संपलंही नाही. २०२५च्या जानेवारीत त्या कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा बारा कंटेनरांत भरून इंदूरच्या शेजारी पीथमपूरला आणला, जाळण्यासाठी. लोक रस्त्यावर उतरले. चाळीस वर्षांनी तो चिखल आमच्या दारात आला.

मराठीत या प्रश्नाला कुणी हात घातला का? घातला. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. लेखक नारायण विनायक जगताप. हे होते जयंत विष्णु नारळीकर, आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं नाव. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा उतरवून दिली होती मंगलाताईंनी. तिकडे एक बाई पुरुषाचं नाव घेऊन लिहीत होती, इकडे एका मोठ्या शास्त्रज्ञानं बायकोच्या अक्षराचा आडोसा घेतला. पुढे नारळीकरांची 'वामन परत न आला' ही कादंबरी आली. जमिनीत पुरलेल्या, फार प्राचीन पण प्रगत संस्कृतीच्या ज्ञानावरून माणसं एक यंत्रमानव घडवतात. तो वामन. हळूहळू त्याला स्वतःसारखे आणखी वामन घडवायचे असतात. रूढ अर्थानं ही सायबरपंक नव्हे, तिच्यात गल्ली नाही, गुंड नाहीत. पण सुकाणू कुणाच्या हातात, हा प्रश्न तोच आहे. म्हणून नवख्या वाचकानं सुरुवात इथून करावी असं मला वाटतं. मग टिपट्रीची दीर्घकथा, मग 'ब्लेड रनर' बघावा, आणि शेवटी 'न्यूरोमॅन्सर'. तिची पहिली पन्नास पानं काही कळत नाही. घाबरू नका. नव्या सासरीही पहिले काही दिवस कोण कुणाचं कोण ते कळत नाहीच.

वामन म्हटलं की आपल्याला रक्षाबंधनाची कथा आठवते. मंत्री बली मूळचा आमच्या शेजारच्या उज्जयिनीतला. तिथून हाकलला गेला, हस्तिनापूरला पोचला आणि राजाकडून वर मागून घेतला, फक्त सात दिवसांचं राज्य. सात दिवस म्हणजे किती? राजानं देऊन टाकलं. त्या सात दिवसांत बलीनं अकंपनाचार्यांसह सातशे मुनींभोवती आग पेटवली, धुरानं त्यांचा छळ मांडला. विष्णुकुमार मुनी वामनरूपानं आले आणि तीन पावलं जमीन मागून त्यांनी तो उपसर्ग दूर केला.

आता माझी गोष्ट. २०२०च्या टाळेबंदीत ह्यांचं कापडाचं दुकान बंद होतं. माझी भिशी आधीच उचलून झाली होती, हप्ते द्यायचे राहिले होते. मैत्रिणींसमोर लाज जाईल म्हणून मी कुणाला न सांगता मोबाइलवरच्या एका कर्जाच्या अ‍ॅपमधून पाच हजार घेतले. हातात पडले सव्वातीन हजार. मुदत सात दिवस. अ‍ॅपनं तीन परवानग्या मागितल्या : फोनमधले नंबर, फोटो, ठावठिकाणा. मी तिन्ही वेळा 'हो' दाबलं. आठव्या दिवशी माझ्या लेकीच्या सासरी फोन गेला की तुमच्या विहीणबाई चोर आहेत.

दोन दिवस मी जेवले नाही. लेकच आली, मला घेऊन पोलिसांच्या सायबर कक्षात गेली. हे रागावले नाहीत, एवढंच म्हणाले की मला सांगायचं होतंस. (आता अशा फसवणुकीसाठी १९३० हा नंबर आहे, लिहून ठेवा.) महिन्याभरानं लेकीनं माझ्या हातात 'न्यूरोमॅन्सर' ठेवलं आणि म्हणाली, "आई, वाच. तुझी गोष्ट कुणीतरी आधीच लिहून ठेवलीय."

मंडळात मी हे सगळं सांगितलं तेव्हा कुणी हसलं नाही. चहा गार झाला. मग पंक्चरवाली मैत्रीण हळूच म्हणाली, "माझ्याकडूनही घेतलेत गं त्यांनी." आणखी दोघींनी मान हलवली. वर्षभर आम्ही चौघी एकाच सतरंजीवर बसत होतो आणि एकमेकींपासून हेच लपवत होतो.

त्या वर्षी श्रावणी पौर्णिमेला मी नेहमीसारखी शेवयांची खीर केली. धुरानं पोळलेल्या मुनींच्या घशाखाली उतरावी म्हणून तेव्हा लोकांनी ती केली होती, असं आजी सांगायची. खीर ढवळताना फोन वाजला. कुठलंसं नवं अ‍ॅप माझे नंबर बघायची परवानगी मागत होतं. मी गॅस बारीक केला, चष्मा लावला, आणि ती सूचना शेवटच्या ओळीपर्यंत वाचली.